साखरेच्या गावचा वैद्य

चीनच्या झेजियांग प्रांतात, टेकड्यांनी वेढलेल्या एका सखल खोऱ्यात यिवू नावाचे शहर आहे. मुंबईचा अब्दुल रहमान स्ट्रीट असो की पुण्याची बोहरी आळी, तेथील पेढ्यांवर या शहराचे नाव परिचयाचे आहे. बटणे, चेन, खेळणी, नकली दागिने, केसांच्या पिना, लेखनसाहित्य, दिवाळीच्या विद्युतमाळा असा बारीकसारीक माल येथून जगभर जातो. येथील बाजारसंकुलात सुमारे ७५,००० गाळे आहेत. प्रत्येक गाळ्यापुढे तीनच मिनिटे थांबायचे आणि दिवसाचे आठ तास फिरायचे असे कोणी ठरवले, तरी संपूर्ण बाजार पाहण्यास सव्वा वर्ष लागेल.

भारतीय व्यापाऱ्यांची येथे सतत ये-जा असते. त्यांच्यासाठी शाकाहारी जेवण देणारी भारतीय उपाहारगृहेही शहरात आहेत. पाच-सहा दिवसांचा मुक्काम, सकाळी घाईची न्याहारी, दिवसभर गाळ्यांतील स्टुलावर बसून घासाघीस, मध्येच गोड शीतपेय आणि बाजार बंद झाल्यावर हिशेब आटोपून उशिरा पोटभर जेवण, असा बहुतेकांचा क्रम असतो. परतीच्या बॅगेत नमुन्यांच्या पिशव्यांबरोबर कधी एखादी औषधाची डबीही असते. घरी वडिलांना मधुमेह असतो, काकांच्या अंगावरून वारे गेलेले असते आणि ‘चीनमध्ये यावर जडीबुटीचा रामबाण उपाय मिळतो’ असे कोणीतरी सांगितलेले असते. डबीवरील मजकूर चिनी लिपीत असतो. घरात तो कोणाला वाचता येत नाही आणि गोळी मात्र दुसऱ्या दिवसापासून सुरू होते.

त्या डबीत काय असते आणि ज्या वैद्यकाच्या नावावर ती विकली जाते त्या वैद्यकाने मधुमेह व पक्षाघात यांविषयी खरोखर काय सांगितले, हे जाणून घेण्यासाठी यिवूइतके योग्य ठिकाण क्वचितच सापडेल. हे गाव साखरेवर उभे राहिले आणि याच गावाने चीनला अतिखाण्याविरुद्ध लिहिणारा एक थोर वैद्य दिला.

यिवूच्या शिवारात चिंग राजवटीपासून ऊस होतो. कार्तिक-मार्गशीर्षाच्या सुमारास ऊसतोडणी झाली की तेथील गुऱ्हाळे पेटतात. एका रांगेत मांडलेल्या कढयांमधून रस पुढे पुढे सरकत आटतो आणि शेवटी तांबूस, भुरभुरीत साखर तयार होते. कोल्हापूरच्या गुऱ्हाळाचा वास ज्याने घेतला आहे, त्याला तो गंध ओळखीचा वाटेल. जमीन कसदार नसल्यामुळे येथील शेतकरी हीच साखर व तिच्या वड्या कावडीत घालून हिवाळ्यात गावोगाव निघत. हातात डमरूसारखे वाद्य वाजवीत ते दारोदारी जात आणि साखरेच्या बदल्यात कोंबड्यांची पिसे गोळा करीत. चांगल्या पिसांच्या झाडण्या होत, उरलेली भाताच्या खाचरात खत म्हणून पडत. पुढे कावडीत साखरेबरोबर सुया, दोरे आणि बटणे आली. १९८२ साली स्थानिक प्रशासनाने या फेरीवाल्यांना उघड बाजार भरवण्याची परवानगी दिली. आजचे ७५,००० गाळे हा त्या कावडीचा विस्तार आहे.

याच यिवूत, त्या फेरीवाल्यांच्या कितीतरी पिढ्या आधी, १२८१ साली झू झेनहेंग यांचा जन्म झाला. गावाजवळच्या ओढ्याच्या नावावरून लोक त्यांना ‘दानशी’, म्हणजे ‘लाल ओढ्याचा’ असे म्हणत आणि चिनी वैद्यकाच्या इतिहासात ते झू दानशी या नावानेच प्रसिद्ध आहेत. तिशीच्या सुमारास आईच्या आजारपणामुळे ते वैद्यकाच्या ग्रंथांकडे वळले. पुढे त्यांचे तत्त्वज्ञानाचे गुरू दीर्घकाळ अंथरुणाला खिळले आणि त्यांनीच शिष्याला वैद्यकाचा गंभीरपणे अभ्यास करण्यास सांगितले. चाळिशी उलटल्यावर दानशी हांगझोऊला गेले. तेथील लुओ झीती हे वैद्य कोणालाही सहज शिष्य करून घेत नसत. दानशी कित्येक महिने त्यांच्या दारात हात जोडून, ऊनपाऊस सोशीत उभे राहिले, तेव्हा कुठे दार उघडले, असे सांगतात. १३५८ साली त्यांचे निधन झाले. यिवूजवळील छीआन येथे त्यांचे स्मारक आहे.

१३४७ साली लिहिलेल्या त्यांच्या ग्रंथात आहारसंयमाविषयी एक छोटे प्रकरण आहे आणि साध्या, फिक्या अन्नाविषयी दुसरे. त्यातील विचार सुबोध आहे. धान्य, कडधान्य, भाजी आणि फळे यांना निसर्गाने दिलेली जी सौम्य चव असते, ती शरीराचे पोषण करते. माणूस स्वयंपाकघरात तिखट, तेल, गोड आणि खारट यांचा मारा करून जी दाट चव निर्माण करतो, तिच्यात आजाराचे बीज असते. दानशींचा रोख रांधण्यावर नव्हता, जिभेच्या हावरेपणावर होता. आसपासच्या सुखवस्तू घरांतील रुग्ण पाहून त्यांचे हे मत बनले होते.

चिनी वैद्यकात हा विचार अगदी जुना आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी संकलित झालेल्या ‘ह्वांगदी नेइजिंग’ या मूळ ग्रंथात अति तहान लावणाऱ्या आणि शरीर झिजवणाऱ्या एका व्याधीचे वर्णन येते. गोड व स्निग्ध पदार्थ वारंवार खाल्ल्याने आत उष्णता साचते, पोट जड होते आणि त्यातून ही व्याधी होते, असे तेथे सांगितले आहे. तिचे नाव ‘शियाओख’, म्हणजे ‘झिजवणारी तहान’. त्याच ग्रंथात अन्यत्र एक विलक्षण यादी आहे. झिजवणारी व्याधी, एकाएकी कोसळणे आणि अर्धे अंग वाळणे ही तिन्ही एकाच दमात सांगून ग्रंथकार म्हणतो की, धनवान व स्थूल माणसांत हे आजार मिष्टान्नभोजनातून येतात. मधुमेह आणि पक्षाघात ही एकाच ताटातून उठलेली दोन दुखणी आहेत, हे रक्तातील साखर मोजण्याच्या कितीतरी शतके आधी त्या वैद्यांच्या ध्यानात आले होते.

पुढच्या वैद्यांनी शियाओखचे तीन भाग केले. सारखी तहान लागली तर दोष वर, फुप्फुसात. खाऊनही भूक न भागली तर तो मध्ये, जठरात. वारंवार लघवीला जावे लागले तर तो खाली, मूत्रपिंडात. आजचा डॉक्टर मधुमेहाची जी तीन लक्षणे प्रथम विचारतो, तीच ही होत. अशा रुग्णाची लघवी गोड असते, ही नोंद सातव्या शतकातील चिनी ग्रंथात आढळते. त्याच शतकातील सुन सिमियाओ या वैद्याने रुग्णाला मद्य, कामोपभोग आणि खारट पदार्थ व गव्हाच्या पिठाचे पदार्थ यांपासून सांभाळून राहण्यास सांगितले. हे पाळले तर औषधावाचूनही बरे वाटेल आणि न पाळले तर कोणतीही दिव्य मात्रा वाचवणार नाही, असे त्याचे मत होते. जुन्या रुग्णाला सुई टोचू नये किंवा डाग देऊ नये, कारण जखम चिघळते, हेही त्याने बजावले. मधुमेही माणसाच्या पायाची जखम किती जिवावर बेतते, हे ज्यांनी घरात पाहिले आहे, त्यांना या सूचनेचे मोल कळेल.

दुसरा आजार पक्षाघाताचा. चिनी भाषेत त्याला ‘झोंगफंग’ म्हणतात. ‘फंग’ म्हणजे वारा आणि ‘झोंग’ म्हणजे नेमका लागणे. बाण लागावा तसा वारा लागला, असा त्याचा अर्थ. मराठी माणसाला हा शब्द परका वाटू नये. आपल्याकडेही ‘अंगावरून वारे गेले’ असे म्हणतात, ‘अर्धांगवायू’ म्हणतात आणि आयुर्वेद पक्षाघाताची गणना वातव्याधींत करतो. क्षणापूर्वी बोलत असलेला माणूस झाड मोडून पडावे तसा पडतो, हे पाहून हिमालयाच्या दोन्ही बाजूंच्या वैद्यांना वाऱ्याचीच आठवण झाली.

हा वारा येतो कुठून, यावर चिनी वैद्यांत शतकानुशतके वाद झाला. आरंभी तो बाहेरून शरीरात शिरतो असे मानत. नंतरच्या वैद्यांनी तो आतच उठतो असे प्रतिपादन केले. यिवूच्या दानशींनी त्याची साखळी मांडली. दमट प्रदेशातील माणसाच्या शरीरात ओलावा साचतो, त्यातून कफ होतो, कफातून उष्णता आणि उष्णतेतून वारा. ही भाषा आजची नव्हे आणि तिला आजचे विज्ञान म्हणून खपवणेही योग्य नाही. तरीही पक्षाघात हा अनेक वर्षांच्या साचण्याचा शेवट असतो, हे निरीक्षण खरे ठरले आहे. वाढलेली साखर रक्तवाहिन्यांचे आतील अस्तर खराब करते. त्यात उच्च रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल यांची भर पडते, वाहिनी अरुंद होते आणि एके दिवशी एखादी गुठळी मेंदूकडे जाणारे रक्त अडवते. मधुमेही व्यक्तीला पक्षाघाताचा धोका इतरांच्या मानाने साधारण दीड ते दोन पट असतो.

आपल्या परंपरेतही या आजाराची अशीच ओळख आहे. मधुमेहाचे नावच मधावरून पडले आणि अशा रुग्णाच्या लघवीकडे मुंग्या धावतात हे आयुर्वेदाने नोंदवले. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील प्रमेहाचा एक उपाय तर जैन वाचकाला थबकवणारा आहे. ज्या रुग्णाजवळ धन नाही, त्याने पादत्राण व छत्री न घेता, भिक्षेवर राहून, एका गावी एकच रात्र मुक्काम करीत, मुनीप्रमाणे संयमाने शंभर योजने चालावे, असे तेथे सांगितले आहे. गावोगाव अनवाणी विहार करणारे साधू-साध्वी ज्यांनी पाहिले आहेत, त्यांच्या डोळ्यांपुढे हे चित्र सहज उभे राहील. चीनमध्येही ६१० साली चाओ युआनफांग या राजवैद्याच्या ग्रंथात शियाओखच्या रुग्णाने जेवणापूर्वी १२० ते १,००० पावले चालावे असा सल्ला आला. दोन्हीकडच्या वैद्यांनी रुग्णाच्या हाती पुडी देतानाच त्याच्या पायांनाही काम दिले.

यिवूहून हांगझोऊला वेगवान रेल्वेने तासाभराच्या आत पोहोचता येते. दानशींना जे अंतर कापण्यास कित्येक दिवस लागले असतील, ते आता चहाचा पेला थंड होईपर्यंत सरते. हांगझोऊ हे पश्चिम सरोवराचे, रेशमाचे आणि चहाचे शहर. सरोवराच्या दक्षिणेकडे वूशान टेकडीच्या पायथ्याशी हफांग नावाचा जुना बाजाररस्ता आहे. त्याच्या बाजूच्या गल्लीत एक प्रचंड पांढरी भिंत उभी आहे आणि तिच्यावर माणसाहून कितीतरी उंच काळी अक्षरे आहेत. हे ‘हू चिंग यू तांग’, म्हणजे १८७४ साली स्थापन झालेले औषधालय. आत शिरल्यावर कोरीव लाकडी तुळया, लटकते कंदील, भिंतभर लहान लहान खण आणि पितळी तराजू दिसतात. वाळलेल्या मुळ्या, साली व फुले यांचा संमिश्र वास लाकडात कायमचा मुरला आहे. इमारतीच्या एका भागात १९९१ पासून चिनी औषधींचे संग्रहालय आहे. दुसऱ्या भागात वैद्य आजही नाडी आणि जीभ पाहतात व गल्ल्यावरचे लोक कागदावर औषधे तोलतात.

या औषधालयाचा संस्थापक हू शुएयान हा पेढीवर उमेदवारी करून वर आलेला व्यापारी होता. पुढे तो मोठा सराफ झाला, सरकारदरबारी मानाची टोपी मिळवलेला धनाढ्य झाला आणि अखेर रेशमाच्या सट्ट्यात बुडाला. १८८३ साली त्याच्या पेढ्या कोसळल्या आणि १८८५ साली तो गेला. एवढ्या सर्व संपत्तीतून आजवर टिकले ते हे औषधालय. त्याचे कारण दुकानातील दोन फलकांत शोधता येते. ग्राहकाकडे तोंड केलेल्या फलकावर ‘खरा माल, एकच भाव’ या अर्थाची अक्षरे आहेत. दुसरा फलक १८७८ साली हू शुएयानने स्वतः लिहिला. त्यावर दोनच अक्षरे मोठी आहेत आणि त्यांचा अर्थ ‘फसवणूक वर्ज्य’. त्याखालच्या मजकुराचा आशय असा की, कोणत्याही व्यापारात फसवणूक नसावी आणि औषधाचा संबंध तर जिवाशी आहे. विशेष म्हणजे हा फलक ग्राहकाला दिसत नाही. त्याचे तोंड आत, गल्ल्यावर बसणाऱ्या माणसांकडे आहे. सचोटीची जाहिरात बाहेर लावणे सोपे असते. ती रोज आपल्याच डोळ्यांपुढे टांगून बसणारा दुकानदार विरळा. पिढ्यान्‌पिढ्या पेढी सांभाळणाऱ्या घरांना हा फलक जवळचा वाटेल.

परंतु त्याच औषधालयाची दुसरी कथाही सांगितली जाते. येथे हरणापासून केलेली एक बलवर्धक गोळी मिळत असे. माल अस्सल आहे हे पटवण्यासाठी गोळी करण्याच्या दिवशी जिवंत हरणे वाजतगाजत रस्त्यातून नेत आणि मग त्यांचा वध करीत. ग्राहकाला फसवायचे नाही हा निश्चय इतका पक्का, पण त्या निश्चयाच्या कक्षेत हरणाचा जीव नव्हता. सत्य आणि अचौर्य यांचा एवढा आग्रह अहिंसेवाचून कुठे पोहोचतो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

हा प्रश्न केवळ इतिहासातील नाही. पक्षाघातावर चिनी घरांत जी प्रसिद्ध गोळी जपून ठेवलेली असते, तिचे नाव ‘आनगोंग न्यूह्वांग वान’. अठराव्या शतकाच्या अखेरीच्या एका ग्रंथातील तिच्या पाठात गोवंशाच्या पित्ताशयातील खडा, गेंड्याचे शिंग, कस्तुरी आणि मोती येतात. १९९३ साली चीनने गेंड्याच्या शिंगाच्या व्यापारावर बंदी घातल्यापासून त्याऐवजी म्हशीचे शिंग वापरतात. याशिवाय तिच्यात हिंगूळ आणि मनशीळ, म्हणजे पारा व आर्सेनिक यांची खनिजे असतात. पक्षाघातानंतर दुबळ्या झालेल्या अंगासाठी वांग छिंगरेन या वैद्याने १८३० साली दिलेला काढा आजही सर्वत्र वापरला जातो. त्यात मुख्य वनस्पतीबरोबर गांडूळ असते आणि चिठ्ठीवर त्याचे नाव ‘दीलोंग’, म्हणजे ‘भूमीतला ड्रॅगन’ असे लिहिलेले असते. वाऱ्याच्या इतर औषधांत विंचू, गोम, जळू आणि रेशमाचे किडेही आढळतात. मधुमेहाच्या औषधांत बहुतांश वनस्पती असतात, पण त्यांतही रानरताळ्याच्या जातीचा कंद आणि नाना मुळ्याच अधिक. ‘जडीबुटी’ या एका शब्दावर विश्वासून डबी उघडणाऱ्या श्रावकाला यांतील काहीच ठाऊक नसते.

अभक्ष्याच्या प्रश्नाइतकाच गंभीर प्रश्न जिवाच्या सुरक्षिततेचा आहे. चीनमध्ये मधुमेहासाठी खूप खपणाऱ्या ‘शियाओख वान’ या गोळ्यांत वनस्पतींबरोबर ग्लिबेनक्लामाइड हे आधुनिक औषध प्रत्येक गोळीत ०.२५ मिलिग्रॅम इतके असते. ते वेष्टनावर छापलेले असते, म्हणून यात लबाडी नाही. मात्र एका वेळी अशा अनेक गोळ्या घ्यायच्या असतात आणि चिनी न वाचता येणारा रुग्ण घरच्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळीवर ही ‘निरुपद्रवी’ गोळी घेतो. दोन्ही मिळून साखर एकदम खाली येते. घाम, थरकाप, भ्रम आणि अखेर बेशुद्धी अशी ती घसरण असते. पर्युषणात उपवास करणाऱ्या किंवा सूर्यास्तानंतर अन्नपाणी वर्ज्य करणाऱ्या मधुमेही व्यक्तीच्या बाबतीत हा धोका कैक पटींनी वाढतो, कारण पोटात अन्न नसताना गोळी आपले काम करीतच राहते. म्हणून व्रतापूर्वी औषधाची मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घेणे आवश्यक आहे. व्रताच्या काळात साखर तपासण्यासाठी बोटातून थेंबभर रक्त काढण्यास संकोच करू नये.

याहून वाईट प्रकारही घडले आहेत. २००९ साली चीनच्या शिंजियांग प्रदेशात मधुमेहावरच्या बनावट कॅप्सूल विकल्या गेल्या. त्यांत हेच ग्लिबेनक्लामाइड नेहमीच्या मात्रेच्या कितीतरी पट घातलेले होते आणि दोन रुग्ण दगावले. हांगझोऊच्या गल्ल्यावर आत तोंड करून टांगलेला फलक ज्यांनी कधी पाहिला नाही, अशा माणसांचा तो व्यापार होता.

याचा अर्थ चिनी वैद्यकात घेण्याजोगे काही नाही असा मुळीच नाही. दानशींच्या वनौषधींच्या ग्रंथात लाल बुरशीने आंबवलेल्या तांदळाची नोंद आहे. तो पचनास मदत करतो आणि रक्त वाहते ठेवतो, असे त्यांनी लिहिले. १९७९ साली जपानी शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांनी त्याच जातीच्या बुरशीतून कोलेस्टेरॉल कमी करणारा घटक वेगळा केला. तोच पुढे लोव्हास्टॅटिन या नावाने औषध म्हणून जगभर ओळखला गेला. पण २०२४ साली जपानमध्येच लाल तांदळाच्या दूषित पूरक गोळ्यांनी अनेकांची मूत्रपिंडे बिघडवली. तुतीच्या पानांतील एक द्रव्य पिष्टमय अन्नाचे साखरेत रूपांतर मंदावते हेही प्रयोगांत दिसले आहे. गुण खरा असला तरी मात्रा, शुद्धता आणि देखरेख यांवाचून तो औषध ठरत नाही. चीनमधील पारंपरिक वैद्यकाच्या मोठ्या रुग्णालयांतही आज नाडीपरीक्षेबरोबर रक्तातील साखर, रक्तदाब आणि मेंदूचे स्कॅन पाहिले जाते.

जुन्या वैद्यांचा आहार-विहाराचा उपदेश मात्र कठोर कसोटीला उतरला आहे आणि ती कसोटीही चीनमध्येच लागली. ईशान्येकडील दाचिंग या खनिज तेलाच्या शहरात १९८६ साली ५७७ जणांवर एक अभ्यास सुरू झाला. या सर्वांना मधुमेह झालेला नव्हता, पण ते त्याच्या उंबरठ्यावर होते. काहींना आहार बदलण्यास सांगितले, काहींना व्यायाम वाढवण्यास, काहींना दोन्ही. एका गटाची नेहमीचीच देखभाल ठेवली. हा उपक्रम सहा वर्षे चालला आणि त्या माणसांचा मागोवा तीस वर्षांपर्यंत घेण्यात आला. आहार व व्यायाम सांभाळलेल्या गटांत मधुमेह सरासरी जवळजवळ चार वर्षे उशिरा आला. हृदयविकार व पक्षाघात यांसारख्या घटना सुमारे एक चतुर्थांशाने कमी झाल्या आणि आयुष्य जवळपास दीड वर्षाने वाढले. सहा वर्षांच्या संयमाचे व्याज तीस वर्षे मिळत राहिले, असे व्यापाऱ्याच्या भाषेत म्हणता येईल.

हे व्याज आपल्यालाही हवे आहे. २०२१ च्या अंदाजानुसार चीनमध्ये सुमारे १४ कोटी प्रौढांना मधुमेह होता. भारतात हा आकडा १० कोटींच्या वर असल्याचे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत आढळले आणि आणखी १३ कोटींहून अधिक माणसे उंबरठ्यावर आहेत. मांसाहार नाही म्हणून आपण सुरक्षित, हा समज मिठाईचे ताट, तळलेले फरसाण आणि दिवसभराची गादीची बैठक यांपुढे टिकत नाही. भुकेपेक्षा चार घास कमी खाण्याचे ऊनोदरी तप आपल्या घरांत सर्वांना माहीत आहे. दानशींच्या आहारसंयमाशी त्याचे जवळचे नाते आहे.

आणि एवढे करूनही वारा सुटलाच तर? त्यासाठी चीनमधील डॉक्टरांनी एक सोपी खूण लोकांत रुजवली आहे. तेथील रुग्णवाहिकेचा क्रमांक १२०. त्यातील एक म्हणजे चेहरा एकदा पाहा, तोंड वाकडे झाले आहे का. दोन म्हणजे दोन्ही हात वर करायला सांगा, एक खाली पडतो का. शून्य म्हणजे बोलणे ऐका, शब्द अडखळतात का. यांपैकी एकही खूण दिसली की घड्याळ पाहायचे आणि तत्काळ रुग्णवाहिका बोलवायची. महाराष्ट्रात तो क्रमांक १०८. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते आणि ते देण्यापूर्वी मेंदूचा स्कॅन लागतो. त्या वेळात रुग्णाच्या तोंडात सोनेरी वेष्टनाची गोळी घालत बसणे म्हणजे उरलेला वेळ दवडणे. गिळता न येणाऱ्या माणसाच्या श्वासनलिकेत ती अडकण्याचा धोका वेगळाच.

हांगझोऊत सूर्य मावळतीला गेला की पश्चिम सरोवराच्या बांधावर माणसांची वर्दळ वाढते. चिनी घरांत रात्रीचे जेवण लवकर होते. जेवून बाहेर पडलेली वृद्ध जोडपी विलोच्या झाडांखालून संथपणे चालत असतात. कोणी हात मागे बांधलेले, कोणी नातवंडाची गाडी ढकलणारे. जेवणानंतर शंभर पावले चालणारा नव्व्याण्णव वर्षे जगतो, अशी तेथे म्हण आहे. आपल्या आज्या-पणज्यांनी त्याच शंभर पावलांना ‘शतपावली’ असे नाव दिले. यिवूहून परतणाऱ्या व्यापाऱ्याच्या बॅगेत औषधाची डबी नसली तरी चालेल. दिवस मावळण्यापूर्वी जेवून वडिलांच्या बरोबर अंगणात शंभर पावले टाकली, तर चिनी वैद्यकातील सर्वांत जुने आणि सर्वांत खरे औषध घरी आले असे समजावे. त्याला जकात लागत नाही आणि त्यात कोणाचा जीवही जात नाही.